आई-बाबांसोबत ग्रेन बार्जवर

आई-बाबा दीड महिन्यासाठी ब्रिस्टलला आलेत तर शनिवारी त्यांना ग्रेन बार्जवर घेऊन गेले. खूप दिवस मनात होतं, पण आईला पाण्यावर हलणारं काही चालत नाही म्हणून टाळत होते. तर ही 1936 सालची बार्ज आहे, पूर्वी गहू-जव वाहायची, आता हॉटवेल्स रोडच्या खाली धक्क्याला कायमची बांधून ठेवलीये आणि तिच्यावर ब्रिस्टल बिअर फॅक्टरीचा पब आहे. बाबा मूळचे गुहागरकडचे, फळीवरून आत पाय टाकताच म्हणाले, "अगं हा तर पडाव!" (म्हणजे कोकणातली मालवाहू होडी) आणि मग दोरखंड कुठे बांधलेत, बुडाला किती खोली असेल, हे सगळं बघून झाल्यावरच खुर्चीत बसले.

वरच्या डेकवर जागा मिळाली. आई टेबलाची कड धरून बसली होती, पण बार्ज जवळजवळ हलतच नाही, पिवळी-निळी फेरी बाजूने गेली की ग्लासातली बिअर थोडीशी कलते तेवढंच. याचं कारण मला इथे येऊन दोन वर्षांनी कळलं. मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती असली की महापालिका इशारे देते ना, इथल्या एवन नदीत मोठ्या उधाणाला पाणी 12 मीटरच्या वर चढतं-उतरतं! ओहोटीला जहाजं चिखलात बसून कलायची म्हणून 1809 मधे नदीचा हा भाग दरवाजे घालून बंद केला, आत पाणी एका पातळीला राहतं, जहाज कायम तरंगतं, म्हणून नावच फ्लोटिंग हार्बर. बाबांनी हे दोनदा सांगायला लावलं. दाभोळच्या खाडीत ओहोटीला रुतलेली होडी ढकलून त्यांचे खांदे सोललेत, त्यांना 12 मीटर म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बाबांसाठी मिल्क स्टाउट बिअर घेतली, अर्धा पाइंट. काळीभोर, वर कॉफीच्या रंगाचा दाट फेस, आणि चव किंचित गोडसर. दूध नसतं त्यात, लॅक्टोज असतं, दुधातली साखर, ती यीस्टला पचत नाही म्हणून गोडवा तसाच राहतो. बाबांना फार आवडली. सोबत फिश अँड चिप्स, वरचं आवरण इतकं कुरकुरीत की काटा लावला की आवाज यायचा, आतला मासा वाफाळता पांढराशुभ्र. आईने पर्समधून लाल तिखट काढून चिप्सवर भुरभुरलं, मग मीही घेतलं. खरंच छान लागतं.

पण मला सांगायचंय ते समोरच्या जहाजाबद्दल. बार्जच्या बरोब्बर समोर एसएस ग्रेट ब्रिटन उभी आहे, इंजिनिअर ब्रुनेलने बांधलेली, 1843 मधे जिथे पाण्यात उतरवली त्याच गोदीत, आता ती कोरडी ठेवलीये. मला एवढंच माहीत होतं की फॉकलंड बेटांवर टाकून दिलेली, 1970 मधे परत आणली. नंतर वाचलं की 1857 च्या उठावाच्या वेळी हीच बोट आयर्लंडहून घोडदळ घेऊन मुंबईला आली होती, त्यात 17 वी लान्सर्स ही ब्रिटिश पलटण होती, आणि पुढच्या वर्षी तात्या टोपेंचा पाठलाग करणाऱ्यांत हीच लान्सर्स होती. तात्या टोपे येवल्याचे. आईचं माहेर येवला.

हे सांगितलं तेव्हा आईचा घास हातातच राहिला. तिच्या शाळेच्या वाटेवर तात्यांचा पुतळा होता, आणि आता समोर हे डौलदार जहाज, सहा डोलकाठ्या, रंगीत झेंडे, डेकवर लहान मुलं धावताहेत. मला ते जहाज अजूनही सुंदरच वाटतं, पण आता बघताना आत काहीतरी टोचतं आणि टोचायलाच हवं असं मला वाटतं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घोडे कुठे ठेवत असतील बोटीत?" मला सांगता आलं नाही.

आई म्हणाली, आत जाऊन बघू. मी म्हटलं तुला बोट लागते ना? तर म्हणे, "ती तर कोरड्या गोदीत आहे, तूच म्हणालीस."

मंगळवारची तिकिटं काढलीयेत.