सोमवारची हजेरी

"पोलीस ठाण्यातली हजेरी चुकली तर जामीन जातो. गोळ्या घेतल्या की सकाळी जागच येत नाही. मग गोळ्या सोडू का, ताई?"

कोर्टाच्या व्हरांड्यात एका पोरानं आज विचारलं. आईच्या हातात जामिनाचा कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी, एकाच प्लास्टिकच्या पिशवीत.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या (१९८५) कलम ३९मध्ये सोय चांगली आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाची मानसिक स्थिती बघून, त्याच्या संमतीनं, शिक्षेऐवजी उपचारासाठी बाँडवर सोडता येतं. उपचाराचा अहवाल वर्षाच्या आत कोर्टापुढे ठेवायचा.

पण ते दोषी ठरल्यावर! तोवर पोलीस ठाण्याच्या वहीत नुसती सही. गोळ्या चालू आहेत का, हे कुणी विचारतच नाही.

हजेरी दुपारची करून मिळावी म्हणून वकील अर्ज करताहेत. तुमच्याकडे मिळते अशी वेळ बदलून?