रात्रीची लाईट आणि सकाळचं दूध

आमच्या वाळव्यात या आठवड्यात पाण्याच्या मोटारीला लाईट रात्रीची. उसात दारं धरून पहाटे घरी आलं की आई चहा देते आणि बजावते, "गाडी काढू नगंस आता." बरोबरच आहे तिचं. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं झोप आणणारं रसायन साठत जातं. चहातलं कॅफिन फक्त त्याची जागा अडवतं, साठा कमी करत नाही. मग डोळे उघडे असतानाच मेंदू काही सेकंद झोपतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात १७ तास जागलेल्यांचा हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडला होता. (आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ०.०३!) आष्ट्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, तेही बिनलाईटच्या. डेअरीला दूध सध्या धाकटाच घालतो.