न्गेगे: नाव उरलं, मासा गेला

पहाटे साडेपाचला डुंगाच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा होड्यांचे दिवे अजून पाण्यावरच होते. केनियातलं किसुमू शहर व्हिक्टोरिया सरोवराच्या विनाम आखाताशी वसलंय आणि डुंगा ही शहराला लागून असलेली मच्छिमारांची वस्ती. अमावास्या दोन दिवसांवर आली होती. वाटाड्याने मुद्दाम हेच दिवस सुचवले होते, कारण ओमेना ही इथली बारीक मासळी धरायची ती काळोख्या रात्री. तरंगत्या दिव्यांच्या उजेडाकडे ती थव्याने ओढली जाते आणि मग तिच्याभोवती जाळं टाकतात. चांदणं पडलं की दिव्यांची जादू चालत नाही.

उजाडता उजाडता होड्या लागल्या. ओमेना म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी चांदीच्या रंगाची मासळी. बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरून घमेली भरून घेत होत्या आणि काठावर पसरलेल्या जुन्या जाळ्यांवर ती वाळत घालत होत्या. तासाभरात सगळा किनारा चकाकायला लागला. इतकी मासळी बघून मी म्हणालो, "सरोवर तर अजून भरलेलं दिसतंय."

जाळं विणत बसलेल्या एका आजोबांना वाटाड्याने माझं बोलणं इथल्या लुओ लोकांच्या भाषेत सांगितलं. तिकडे वयस्क माणसाला आदराने 'म्झे' म्हणतात. म्झे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी शेजारच्या टोपलीतला एक तिलापिया उचलून माझ्यापुढे धरला. "याला आता सगळे न्गेगे म्हणतात. माझी आई रांधायची तो न्गेगे हा नव्हे."

पुढचे चार दिवस मी या एका वाक्यामागे फिरलो.

खरा न्गेगे इथलाच, या पाण्यात घडलेला तिलापिया. 1901 मध्ये मोंबासाहून निघालेली रेल्वे इथवर पोचली. ती बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर आणले होते, त्यामुळे किसुमूच्या जुन्या स्टेशनाजवळ उभं राहिल्यावर पाय निघेना. रेल्वेमुळे माशाला दूरची गिऱ्हाइकं मिळाली आणि 1905 च्या सुमारास अंबाडीसारख्या धाग्याची विलायती जाळी आली. माशाचे कल्ले अडकवणारी ही जाळी आधीच्या वेताच्या सापळ्यांपेक्षा कितीतरी पट मासे ओढायची. वीसेक वर्षांत जाळ्यामागे मिळणारा न्गेगे इतका घटला की 1927-28 मध्ये मायकेल ग्रॅहम या ब्रिटिश शास्त्रज्ञाला पाहणीसाठी पाठवावं लागलं. जाळ्याचा डोळा पाच इंचांहून लहान नको, असं त्याने सांगितलं. बाहेरचा शिकारी मासा इथे आणून सोडणं घातक ठरेल, हेही सांगितलं. पुढे जाळ्यांचे डोळे बारीक होत गेले आणि 1950 नंतर नाईल पर्च हा शिकारी मासाही सोडला गेला. त्याच सुमारास नाईल तिलापियाही आला, आज न्गेगे हे नाव मिरवणारा.

नाईल पर्चला लुओ लोक म्बुता म्हणतात. माणसाहून लांब वाढू शकणारा हा मासा 1980 च्या दशकात सरोवरभर पसरला. त्याच्या तोंडी गेले ते 'फुलू'. हे छोटे, रंगीत सिक्लिड मासे. सुमारे 15,000 वर्षांपूर्वी सरोवर कोरडं पडलं होतं. ते पुन्हा भरल्यावर एवढ्या थोड्या काळात फुलूंच्या 500 च्या आसपास जाती तयार झाल्या. कुणी शेवाळ खरवडणारी, कुणी शिंपले फोडणारी, कुणी दुसऱ्यांची पिल्लं खाणारी. त्यांतल्या निदान दोनशे तरी आता कुणाला सापडत नाहीत.

पण सगळं खापर म्बुतावर फोडणं मला पटत नाही. दुपारी होडीतून मी हात पाण्यात घातला तर कोपरापर्यंतही दिसेना, हिरवट गढूळ पाणी. शेतातली खतं, शहराचं सांडपाणी, उघड्या पडलेल्या डोंगरांची माती, सगळं इथेच येतं. फुलूंच्या माद्या नराचा रंग बघून जोडीदार निवडतात. गढूळ पाण्यात निळा कुठला नि तांबडा कुठला हे कळेनासं झालं आणि वेगळ्या जाती एकमेकींत मिसळून गेल्या. 1997 मध्ये हे संशोधनातून पुढे आलं. एखादी जात कुणीही न खाता, न मारता, नुसता उजेड कमी झाल्याने पुसली जाऊ शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पाण्यातून हात काढून मी नुसताच बसून राहिलो.

आता म्बुताही पहिल्यासारखा मिळत नाही. त्याचे तुकडे परदेशी जातात, पोटातल्या हवेच्या पिशवीला चीनमध्ये मोठी किंमत येते, आणि किसुमूच्या बाजारात उरतो 'म्गोंगो वाझी': मांस काढून घेतलेला सांगाडा, तळून विकलेला. आखातात पिंजऱ्यांत तिलापिया वाढवतात. सरोवरातून निघणाऱ्या मासळीचं आज निम्म्याहून जास्त वजन ओमेनाचं असतं, आणि त्यातला मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्याला जातो. वाळत घालणाऱ्या बायकांना खाद्यवाल्यांशी भावाची चढाओढ करावी लागते. त्यातल्या काहींना होडीवाल्याकडून मासळी मिळवायला पैशांबरोबर शरीरही द्यावं लागलंय. या प्रकाराला तिथे 'जाबोया' म्हणतात. मला हे सांगणाऱ्या बाईने तो शब्द उच्चारताना मान फिरवली होती.

शेवटच्या दिवशी वाटाडा म्हणाला, कान्याबोलीला चला. 'याला' नावाच्या दलदलीच्या आत लपलेलं हे लहानसं सरोवर. भोवती पपायरस या उंच पाणगवताचं इतकं दाट बेट की होडीला वाट करून द्यावी लागते. त्या दलदलीत प्राणवायू फार कमी, म्बुताला तो पुरत नाही, म्हणून तो आत शिरू शकलेला नाही. पाणी डुंगापेक्षा शांत होतं.

एका पोराच्या टोपलीत पाच-सहा मासे होते, तळहाताहून जेमतेम मोठे. वाटाड्याने त्यातला एक उचलून दिला. "हा," एवढंच म्हणाला. कल्ले अजून हलत होते. मी पोराला विचारलं, याला काय म्हणतात?

"न्गेगे," तो म्हणाला, आणि मी काय एवढं बघतोय ते त्याला कळेना.