'सपर्स रेडी'चा शेवट अखेर स्वच्छ वाजला, आता क्रमवारी पुन्हा मांडायची

मंडळी, जमलं एकदाचं! जेनेसिस या रॉक बँडच्या 'फॉक्सट्रॉट' अल्बमची दुसरी साइड, म्हणजे मुख्यतः 'सपर्स रेडी' ही लांबलचक रचना, आता मधल्या लेबलपर्यंत आवाज न फाटता वाजते. 'अ‍ॅज शुअर अ‍ॅज एग्ज इज एग्ज' या तिच्या शेवटच्या भागात गायक गेब्रिएलचा आवाज चिरकत नाही, मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) आणि ऑर्गन वेगवेगळे कळतात, आणि विरत जाणारी हॅकेटची गिटार अगदी विझेपर्यंत कानाला लागते. त्यामुळे गेल्या बैठकीत अर्ध्यावर सोडलेला, येस बँडचा 'क्लोज टू द एज' सरस की 'फॉक्सट्रॉट', हा वाद पुन्हा काढणं भाग आहे.

त्या दिवशी दोघातिघांचं म्हणणं होतं की 'सपर्स रेडी' सुरुवातीला सुरेख आहे, पण शेवट गढूळ आहे, ध्वनिमुद्रणच कच्चं आहे. उलट येसच्या रेकॉर्डवर ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डने शेवटच्या सुरापर्यंत सगळं लख्ख ठेवलंय. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. कारण दोन्ही रचना तबकडीवर कुठे येऊन संपतात, हे कुणी विचारातच घेतलं नव्हतं. 'क्लोज टू द एज' पावणेएकोणीस मिनिटांच्या आसपास आहे आणि साइडवर ती एकटीच आहे. तबकडीवर खाच खोदणाऱ्याला हात मोकळा. 'फॉक्सट्रॉट'च्या दुसऱ्या साइडला आधी 'होरायझन्स' आणि मग 'सपर्स रेडी', म्हणजे साडेचोवीस मिनिटं. एवढं बसवायचं तर खाचा दाटीने काढाव्या लागतात, पातळी उतरवावी लागते आणि शेवट लेबलला जाऊन भिडतो. तबकडी फिरते त्याच मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि सगळ्यात आतल्या खाचेत जेमतेम २१. म्हणजे तोच 'स' आतमध्ये निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि जेनेसिसने आपला सगळ्यात मोठा क्षण नेमका तिथे ठेवलाय.

आता अडचणीकडे. सुईचा कोन खाचेशी साइडवर फक्त दोनच ठिकाणी अचूक जुळतो, त्यांना शून्यबिंदू म्हणतात, आणि ते कुठे आणायचे याच्या काही ठरलेल्या मांडण्या आहेत. माझी मांडणी लॉफग्रेन 'ब' होती. ती मी मुद्दाम घेतली होती, कारण पूर्ण साइडची सरासरी काढली तर विकृती तिच्यातच सर्वांत कमी. पण तिचा आतला शून्यबिंदू केंद्रापासून ७०.३ मिलिमीटरवर येतो. त्याच्या आत शिरलं की कोन झपाट्याने बिघडतो, आणि 'एग्ज' तर जवळपास पूर्ण तिथेच आहे. म्हणून मी स्टीव्हनसनच्या मांडणीकडे वळले. त्यात आतला शून्यबिंदू ६०.३ वर, अगदी शेवटच्या खाचेत. पहिल्याच फेरीत शेवट खुलला. मी खूश.

पण तो आनंद साइड पुन्हा सुरुवातीपासून लावेपर्यंतच टिकला. आता 'सपर्स रेडी'च्या मधल्या 'विलो फार्म' या भागातले 'स' आणि 'श' भाजल्यासारखे यायला लागले, आणि 'अपोकॅलिप्स इन ९/८'ची सुरुवात खरखरीत. आधी वाटलं सुईला धूळ असेल. साफ केली, तरी तेच. मग कागद घेऊन बसले. स्टीव्हनसनचे शून्यबिंदू ६०.३ आणि ११७.४. त्या दोघांच्या मधे कोनाची चूक सर्वांत जास्त होते ती ८४ मिलिमीटरच्या आसपास. आणि साइडवर मिनिटांचा ढोबळ हिशेब केला तर 'विलो फार्म' संपून 'अपोकॅलिप्स' सुरू होतं तेही तिथेच! शेवट वाचवायला जावं तर मधला भाग जळतो, मधला सांभाळावा तर शेवट फाटतो. अँटीस्केट (आर्मला आत ओढणाऱ्या जोराला विरोध) कमी-जास्त केलं, सुईवरचं वजन २ ग्रॅमवरून थोडं वर नेलं, अ‍ॅझिमथ (समोरून पाहिल्यावर सुई सरळ उभी आहे का) आरशावर तपासला. फरक पडायचा, पण दोष नुसता इकडून तिकडे सरकायचा.

एक गोष्ट सांगून ठेवते. इंटरनेटवरून उतरवून घरी छापलेल्या कमानी प्रोट्रॅक्टरवर (सुईचा कोन जुळवायच्या नक्षावर) विसंबू नका. प्रिंटर पान गुपचूप ९७ टक्क्यांवर आणतो आणि मग सगळी गणितं वाया जातात. पट्टीने मोजून घ्या, किंवा सरळ दोन बिंदूंचा आरशाचा प्रोट्रॅक्टर घ्या. आरशात कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक दांडी) आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत दिसायला लागलं की डोळ्यांना शंका उरत नाही. वजनकाटा मात्र स्वस्तातला डिजिटल पुरतो, त्यावर जास्त पैसे घालवण्यात अर्थ नाही.

याच काळात मुळावरच शंका आली, की दोष माझ्या प्रतीतच असेल तर? ही प्रत परदेशातल्या एका विक्रेत्याकडून 'उत्तम' म्हणून घेतली होती. प्रकाशात तिरकी धरली तर आतला इंचभर पट्टा बाहेरच्यापेक्षा राखाडी दिसतो. कुणीतरी जड आर्म आणि झिजलेल्या सुईने वर्षानुवर्षं वाजवलीय. असा माल 'उत्तम' म्हणून विकू नये, एवढंच म्हणेन. जुन्या बाजारात निदान तबकडी हातात घेऊन, उन्हात धरून बघता तरी येते.

मग डोक्यात आलं ते जेनेसिसचंच 'सेकंड्स आउट'. १९७७ च्या त्या लाइव्ह जोड-अल्बमची तिसरी साइड म्हणजे अख्खं 'सपर्स रेडी'. गायला गेब्रिएलऐवजी ड्रमर कॉलिन्स, ध्वनिमुद्रण वेगळं, पण लांबी जवळपास तीच, म्हणजे 'एग्ज' तबकडीवर जवळपास त्याच जागी येतं. तिथेही फाटलं तर दोष आर्मचा, नाही फाटलं तर प्रतीचा. दादरच्या काकांनी आपली जपलेली प्रत एका शब्दावर दिली, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. निकाल असा: लॉफग्रेनवर 'सेकंड्स आउट'चा शेवटही फाटला, पण बराच कमी. म्हणजे दोन्ही कारणं खरी होती, आणि म्हणूनच एका उपायाने काम भागत नव्हतं.

तोडगा शेवटी दोन पावलांत निघाला. मांडणी बेअरवाल्डवर आणली, शून्यबिंदू ६६ आणि १२०.९. तिच्यात चूक बाहेर, मधे आणि आत सारखी वाटली जाते, कुठेच डोक्यावरून पाणी जात नाही. आणि ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ कार्ट्रिजवरची (सुई बसते त्या भागावरची) लंबगोल सुई काढून मायक्रोलिनियर लावली. बॉडी तीच, सुई फक्त ओढून काढायची आणि नवी सरकवायची. मायक्रोलिनियरची कड बारीक आणि उभी लांब असते. त्यामुळे आतल्या आखूड लहरी ती वाचू शकते, आणि खाचेच्या भिंतीला लंबगोल सुईपेक्षा वेगळ्या जागी टेकते. जुन्या सुईने जो पट्टा खरवडला होता, त्याच्या बाजूचा कोरा भाग तिला सापडला असावा. या किमतीत कार्ट्रिजवर खर्च करायचाच असेल तर तो सुईवर करा, असं माझं ठाम मत झालंय. महागड्या केबलांवर नको.

आणि मग ऐकलं. 'अपोकॅलिप्स'मध्ये खाली नऊचं आवर्तन चालू आहे, ३-२-४, आणि बँक्सचा ऑर्गन त्या समेला जुमानतच नाही, आपल्याच हिशेबाने वर चढत जातो. आमच्या गटातला तबला वाजवणारा मित्र मांडीवर नऊ मात्रा मोजत होता. हात थांबला नाही, पण चेहऱ्यावर दिसत होतं की वरचं वजन त्याला दुसरीकडे ओढतंय. आधी हा भाग नुसता गोंगाट वाटायचा, कारण कॉलिन्सचं हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजांची जोडी) आणि ऑर्गन एकमेकांत मिसळून जायचे. आता हाय-हॅट वेगळं कळतं, म्हणूनच ऑर्गन किती दूर गेलाय तेही कळतं. पुढे ट्यूब्युलर बेल्स, पहिल्या भागाची, 'लव्हर्स लीप'ची, ओळ परत येते, आणि 'गॅरंटीड इटर्नल सँक्च्युअरी मॅन'ची चाल पूर्ण उंचीने उभी राहते. पंधराहून अधिक मिनिटांपूर्वी हलकेच पेरलेली चाल! ती परतताना जर फाटून येणार असेल, तर श्रोत्याला रचनेचा हेतू कळणार कसा?

माझं मत स्पष्टच मांडते. रचनेला रचना लावली तर 'सपर्स रेडी' सरस. 'क्लोज टू द एज' छोट्या छोट्या तुकड्यांत ध्वनिमुद्रित करून टेप कापून जोडली गेली, तरी ती एकसंध वाटते, हे थोर काम आहे. 'आय गेट अप, आय गेट डाउन'मध्ये वेकमनचा चर्च ऑर्गन उघडतो तेव्हा आजही अंगावर काटा येतो. पण ती पहिल्यापासून शिखराकडे तोंड करूनच चालते. जेनेसिस मधेच 'विलो फार्म' घुसवतात. गेब्रिएलचं वेगळं तयार असलेलं गाणं तिथे टाकून त्यांनी सरळ वाट मोडली, आणि त्या मोडण्यामुळेच शेवटी घरी परतल्याचा भार जाणवतो. पूर्ण अल्बम म्हणून मात्र येसच पुढे. 'अँड यू अँड आय' आणि 'सायबेरियन खात्रू' यांच्यासमोर 'फॉक्सट्रॉट'वरचं 'टाइम टेबल' उभं राहत नाही. ('कॅन-युटिलिटी अँड द कोस्टलाइनर्स' उभं राहतं. त्यावर एकदा स्वतंत्र लिहीन.)

पुढच्या बैठकीला व्हॅन डर ग्राफ जनरेटरचं 'पॉन हार्ट्स' ठरलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय की आधी किंग क्रिम्सनचा 'रेड' पुन्हा लावायला हवा. त्यातल्या 'स्टारलेस'ला आपण गुण दिले ते जुन्या सुईवर. ती बारा मिनिटं साइडच्या शेवटी आहेत. तेराच्या मीटरमध्ये गिटारवादक फ्रिप एकेक सूर ताणत नेतो आणि मग सगळं फुटतं, तेही आतल्या खाचांतच. तेव्हा आपण 'शेवटी जरा कर्कश' असं लिहिलं होतं. तो शेरा मला आता मान्य नाही. जेथ्रो टलच्या 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'च्याही दोन्ही साइड वीस मिनिटांच्या वर आहेत, तीही यादीत घालते. 'पॉन हार्ट्स' त्यानंतर. 'अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स' तेवीस मिनिटांची आहे, तिला नवी सुई पूर्ण रुळल्यावरच हात लावू.

ज्यांच्याकडे 'रेड'ची माझ्यापेक्षा बरी प्रत असेल त्यांनी रविवारी घेऊन या. आणि ज्यांची मांडणी अजून लॉफग्रेनवर आहे त्यांनी 'फॉक्सट्रॉट'ची दुसरी साइड लावून 'एग्ज' कसं येतं ते कळवा, सोबत सुई कोणती तेही लिहा.