तुम्ही विचारलंत म्हणून: ती शेवटी ‘मिसेस’ का होते?

आमच्याकडे महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये आठ-दहा जण जमून जुना सिनेमा बघतात, सिनेमा बहुतेक वेळा मीच ठरवते कारण बाकी कुणाला उत्साह नसतो, आणि जेव्हा जेव्हा मी ‘अ स्टार इज बॉर्न’ लावलाय (1954 चा, जुडी गार्लंडचा, लेडी गागाचा नव्हे) तेव्हा तेव्हा शेवटी दिवे लागले की एक प्रश्न येतो म्हणजे येतोच. एवढी मोठी स्टार झालेली बाई, स्टेजवर येते, आणि स्वतःचं नाव सांगायचं सोडून ‘धिस इज मिसेस नॉर्मन मेन’ काय म्हणते? विचारणाऱ्या नेहमी बायकाच असतात, पुरुष तोवर चहाकडे वळलेले असतात. परवा एका मैत्रिणीच्या मुलीनं तर "काकू, तीन तास बसवून ठेवलंत ते हे ऐकवायला?" असं तोंडावर विचारलं आणि मला पटकन काही सुचलं नाही. म्हणून आता निवांत लिहितेय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट भराभर सांगते. नॉर्मन मेन हा हॉलिवूडचा मोठा स्टार, दारूनं पार वाया गेलेला. लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये एका चॅरिटी शोला तो झिंगून थेट स्टेजवर घुसतो, तिथे एका बँडबरोबर गाणारी एस्थर ब्लॉजेट त्याला हाकलत नाही, उलट त्यालाच नाचात ओढून घेते, पब्लिकला वाटतं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि त्याची लाज राहते. मग तो तिला सिनेमात आणतो, ती वर जाते, हा खाली येतो, मध्ये लग्न होतं, पिणं काही सुटत नाही, आणि आपल्यापायी ही करिअर सोडायला निघालीय हे कानावर पडल्यावर तो एका संध्याकाळी समुद्रात चालत जातो. एवढीच. आपल्याकडे कुणालाही ही गोष्ट सांगा, लगेच म्हणतात अरे हा तर ‘अभिमान’, किंवा वय कमी असेल तर ‘आशिकी 2’. साम्य आहेच. पण ‘अभिमान’मध्ये नवरा-बायको शेवटी पुन्हा एकत्र गातात, हृषीदांनी रडवून का होईना आपल्याला घरी सुखरूप आणून सोडलं. इथे ती सोय नाही.

तर माझं म्हणणं असं की हा सिनेमा प्रेमाचा आहे, प्रसिद्धीचा आहे, पण त्याहून जास्त तो नावाचा आहे. मराठीत हे सांगायला सोपं जातं, कारण आपण प्रसिद्धीला सरळ ‘नाव होणं’च म्हणतो, कुणी नाव काढतं, कुणी नाव घालवतं, आणि बाईचं लग्न झालं की नाव बदलतं ते आणखी वेगळंच.

एस्थरचं नाव कसं बदलतं बघा. स्टुडिओत नवीन लागलेली, पगार घ्यायला जाते आणि तिथे तिला कळतं की आपलं नाव आता विकी लेस्टर आहे. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही, कुठल्या तरी ऑफिसात कुणीतरी ठरवून टाकलं. हा सीन आला की आमच्या हॉलमध्ये सगळ्या हसतात. मी हसत नाही, कारण मला माझं ताट आठवतं. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं तेव्हा मी वाकून वाचलं, कारण मलाही ते तेव्हाच कळत होतं. पद्मजाची गौरी झाले. नवरा बिचारा घाबरलेला, ‘री’ची वेलांटी ताटाच्या कडेला जाऊन धडकली, भटजी म्हणाले चालतंय चालतंय, आणि फोटोग्राफरनं तेवढ्यात क्लिक केलं. पुढे दहावीचं सर्टिफिकेट एका नावाचं आणि बँकेचं पासबुक दुसऱ्या नावाचं या भानगडीत किती अॅफिडेव्हिटं झाली ते राहू दे. गंमत म्हणजे नवरा स्वतःच वर्षभरात ते नाव विसरला, आजही घाई असली की "पद्मजा, किल्ल्या कुठायत?" असंच ओरडतो. त्या ताटातल्या तांदळाचा त्याच दिवशी भात झाला असणार.

असो, तर नॉर्मनचंसुद्धा हे खरं नाव नाही हं. ते दोघं पळून जाऊन गुपचूप लग्न करतात तेव्हा कळतं की साहेब मुळात अर्नेस्ट गबिन्स. म्हणजे त्यालाही कधीकाळी कुणीतरी दुसरं नाव लावून बाजारात उभं केलेलं आहे आणि तेच नाव राखता राखता तो मेटाकुटीला आलाय. आणि जिनं एस्थरचं काम केलं ती जुडी गार्लंड तरी कोण, तर मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्स नावाच्या छोट्या गावात 1922 साली जन्मलेली फ्रान्सिस गम. लहानपणापासून बहिणींबरोबर स्टेजवर, तेराव्या वर्षी एमजीएम स्टुडिओच्या करारात, आणि तिथे कॅमेऱ्यासमोर जाण्यापूर्वी नाकाचा आकार बदलायला नाकपुड्यांत रबराच्या चकत्या आणि दातांवर कॅप.

हे माहीत असलं की मग मेकअपचा तो सीन वेगळाच दिसतो. स्क्रीन टेस्टच्या दिवशी मेकअपवाले तिच्या चेहऱ्याभोवती जमतात, नाक असं कसं, भुवया अशा कशा, आणि शेवटी सोनेरी विग आणि नवं नाक लावून तिला बाहेर पाठवतात. समोर नॉर्मन उभा, तिच्याकडे बघतो आणि ओळखतच नाही. कळल्यावर आधी हसतो, मग तिला आरशासमोर बसवून कोल्ड क्रीमनं सगळं पुसून काढतो. या माणसाच्या शंभर चुका मी त्या एका सीनसाठी पोटात घालते. दोघं प्रेमात पडतात ते इथे, असं माझं मत आहे, पुढचं प्रपोजल वगैरे नंतरचं.

आता लोक म्हणतात म्युझिकल नको, मध्येच गाणी म्हणतात. संगीत नाटकावर पोसलेल्या लोकांनी हे म्हणावं याचं मला नवल वाटतं, आपल्याकडे शकुंतला 1880 पासून स्टेजवर गातेय आणि पब्लिक वन्स मोअर देतंय! पण ते सोडा, या सिनेमात उगाच कुणी रस्त्यात गात नाही. ती गायिका आहे, गाणं हे तिचं काम आहे, त्यामुळे ती क्लबमध्ये गाते, रेकॉर्डिंगला गाते, शूटिंगला गाते, नाहीतर घरी नवऱ्याचं मन रमवायला हॉलमधल्या उशा, दिवे, खुर्च्या घेऊन अख्ख्या भपकेबाज गाण्याची नक्कल करून दाखवते. ‘द मॅन दॅट गॉट अवे’ तर ऐकाच. चाल हॅरॉल्ड आर्लेनची, शब्द आयरा गर्श्विनचे. क्लब बंद झालाय, बँडवाले आपापल्यासाठी वाजवतायत, ती त्यांच्यात उभी राहून गायला लागते आणि नॉर्मन कोपऱ्यात अंधारात उभा राहून ऐकतो. कॅमेरा बराच वेळ कट न करता तिच्या मागे मागे फिरतो. हे गाणं वेगवेगळे कपडे करून तीनदा शूट केलं होतं, पडद्यावर आहे तो गडद निळ्या ड्रेसमधला. समोर पब्लिक नाही, टाळ्या नाहीत, नाव झालेलं नाही, आणि तरीही अख्ख्या सिनेमात ती यापेक्षा मोठी स्टार कुठेही दिसत नाही.

एक सूचना, नाहीतर मला फोन कराल की फाईल खराब आहे. मध्ये मध्ये हलणारं चित्र जाऊन नुसते स्थिर फोटो येतात आणि मागे संवाद चालू राहतो. ते तसंच आहे. सप्टेंबर 1954 मध्ये सिनेमा लागला तेव्हा 181 मिनिटांचा होता, परीक्षणं उत्तम आली, पण थिएटरवाले कुरकुरायला लागले की दिवसाला शो कमी बसतात. मग वॉर्नर ब्रदर्सनं जवळपास अर्धा तास कापून टाकला. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर तेव्हा कुठे होता, तर आपल्याकडे, भारतात! ‘भवानी जंक्शन’साठी लोकेशन शोधत हिंडत होता. तो इकडे रेल्वे स्टेशनं बघतोय आणि तिकडे कात्री चाललीय. पुढे रोनाल्ड हेव्हर नावाच्या अभ्यासकानं कापलेले तुकडे शोधायला घेतले, आवाजाचा ट्रॅक पूर्ण सापडला, चित्र काही ठिकाणी सापडलंच नाही, तिथे फोटो लावले आणि 1983 च्या जुलैमध्ये 176 मिनिटांचा सिनेमा न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये दाखवला. क्यूकर त्याच वर्षी जानेवारीत गेला होता.

कापलं काय, तर मुख्यतः दोघांचं हळूहळू जवळ येणं, आणि ‘लूज दॅट लाँग फेस’ नावाचं एक गाणं. या गाण्याचं कापणं मला अजून सहन होत नाही. ती शूटिंगला चेहऱ्यावर खोटे ठिपके काढून, फाटकी हॅट घालून ‘रडका चेहरा सोडा’ अशा अर्थाचं उड्या मारणारं गाणं करतेय. कट होतो, ती मेकअप रूममध्ये येते, स्टुडिओचा मालक येऊन नॉर्मन कसा आहे विचारतो, आणि ती फुटते. म्हणते की माझं त्याच्यावर प्रेम आहे आणि कधी कधी मला त्याचा तिरस्कार वाटतो, मग स्वतःचाच वाटतो. ते सगळं त्याच ठिपक्यांच्या जोकर तोंडानं. आणि मग बोलावणं येतं, ती डोळे पुसते, ठिपके नीट करते आणि जाऊन तेच गाणं पुन्हा हसत करते. कापलेल्या सिनेमात गाणंच नव्हतं, त्यामुळे ती असे ठिपके लावून का रडतेय हेही कुणाला धड कळलं नसेल. घरात आजारी माणूस ठेवून ऑफिसला आलेल्या आणि मीटिंगमध्ये हसलेल्या कुठल्याही बाईला हा सीन समजावून सांगावा लागत नाही.

जुडीचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत असतं. गोळ्या, दारू, कर्ज, 1969 साली लंडनमध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. त्यामुळे खरं तर ती नॉर्मन होती आणि काम एस्थरचं करत होती, असं म्हणायची पद्धत आहे, आणि त्यात तथ्यही आहे. 1955 च्या ऑस्करला ती हॉस्पिटलमध्ये होती, आदल्याच दिवशी मुलगा झालेला, टीव्हीवाल्यांनी ती जिंकलीच तर लाइव्ह दाखवायला खिडकीबाहेर कॅमेऱ्यासाठी मचाण बांधलेलं. बक्षीस ग्रेस केलीला गेलं आणि टीव्हीवाल्यांनी सामान गुंडाळलं. मला या प्रकरणात ते मचाण फार लागतं.

तर आता शेवट. नॉर्मन गेल्यावर ती कुणाला भेटत नाही. अंत्यविधीला फॅन लोकांनी गर्दी करून तिच्या तोंडावरची जाळी ओढलेली. त्याच श्राइन ऑडिटोरियममधल्या कार्यक्रमाला ती जाणार नाही म्हणते. तेव्हा तिचा जुना पियानोवाला मित्र डॅनी येऊन तिला सहानुभूती न दाखवता चक्क झापतो, की त्या माणसानं आयुष्यात सगळं नासवलं, एक तू नासली नाहीस, आणि आता तेही तू पुसून टाकणार? म्हणून ती जाते. आणि माइकसमोर तीन नावांपैकी तिसरं घेते. पहिलं आईबापांनी ठेवलेलं, दुसरं पगाराच्या दिवशी कळलेलं. तिसरं मात्र ती स्वतःच्या तोंडानं सांगते, आणि ते सांगते तेव्हा तो जिवंत नाही, म्हणजे त्याला खूश करण्याचा प्रश्न नाही. ज्या नावावर अख्खं गाव हसत होतं, त्या नावाला तिनं पुन्हा एकदा उभं राहून टाळ्या मिळवून दिल्या. सिनेमाच्या सुरुवातीला त्याच स्टेजवर तिनं जे केलं तेच, त्याची लाज राखली.

"पण काकू, नवऱ्याचंच नाव का, नॉर्मन मेन एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं ना?" हो गं. चाललं असतं. मलाही एका वर्षी ते खटकतं आणि एका वर्षी खटकत नाही, आणि ताटात नाव न विचारता लिहून घेतलेल्या बाईनं याच्यावर फार ठामपणे बोलू नये.

पण पुढच्या वेळी बघशील तेव्हा माइकच्या आधीचा क्षण बघ. स्टेजमागून येताना ती एका भिंतीपाशी थबकते. पहिल्या भेटीत, दारूच्या नशेत, नॉर्मननं तिचीच लिपस्टिक घेऊन त्या भिंतीवर बदाम काढला होता आणि आत दोघांची आद्याक्षरं लिहिली होती. इतकी वर्षं कुणी रंग मारलेला नाही, बदाम तसाच आहे. आणि त्यात विकी लेस्टर नाही, मिसेस मेन नाही, त्यात एस्थर ब्लॉजेट आहे.