भिंतीपलीकडचा निषाद

ग्वाल्हेरला पाहुणा आला की आधी किल्ला आणि मग तानसेनाची समाधी, हा आम्हा इथल्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींचा ठरलेला क्रम. महंमद घौस यांच्या भल्यामोठ्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची कबर इतकी साधी, की पाहुणे हमखास "एवढीच?" म्हणतात. मग त्यांना चिंचेचं झाड दाखवायचं. तिथला पाला चावला की गळा गोड होतो अशी समजूत आहे. आमच्या शेजारच्या वहिनींनीही चावून पाहिला होता. "दात आंबले," एवढाच अनुभव त्या सांगतात.

वहिनी शाळेत गणित शिकवतात. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि त्यांनी गाणं सुरू केलं. आवाज जाडसर, थोडा घोगराच. आमच्या दोन घरांत भिंत एकच, तीही वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा घाईत घातलेली. त्यामुळे त्यांचा तंबोरा आमच्याकडेही लागतो. आधी खर्ज, म्हणजे खालचे सूर. मग आकारात पलटे, सारेग, रेगम, गमप, तेच पुढे दुप्पट लयीत. मधेच कुकरची शिट्टी झाली की सम हुकते आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या हिवाळ्यात रजईतून डोकं बाहेर काढून आई म्हणाली होती, "अरे, तिला कुणीतरी सांगा रे!" सांगणार कोण?

त्यांचा अल्हैया बिलावल राग मी असाच भिंतीपलीकडून आकार घेताना ऐकला. त्यात उतरताना दोन धैवतांच्या मधे कोमल निषाद हा स्वर येतो, ध नि ध प. नुसता लागून जायला हवा. वहिनींचा निषाद कितीतरी महिने भिंतीत खिळा ठोकावा तसा यायचा. कधी चढा, कधी इतका ठसठशीत की राग राहिला बाजूला, निषादच पुढे. त्या थांबायच्या, धैवतावर उभ्या राहायच्या, पुन्हा उतरायच्या. तो नेमका कधी सुधारला ते मला कळलंच नाही. एकदा दाढी करताना ध्यानात आलं की आज काही खुपलं नाही. निषाद येऊनही गेला होता.

परवा गणपतीत त्या गायल्या, तर पुढच्या रांगेतून दाद आली, "काय देवदत्त गळा आहे हो!" मला हसू आवरेना. दाद देणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी आमची भिंत ऐकलेली नाही. शिवाय गळा देवाचाच म्हटला की आपणही सुटतो. आपल्याला नाही दिला, विषय संपला!

आमच्या गावात हद्दूखाँ-हस्सूखाँ या इथल्या जुन्या गवयांची गोष्ट अशीच अर्धी सांगतात. बडे महंमद खाँ यांचं गाणं दोघा भावांनी पडद्याआडून चोरून ऐकलं आणि त्यांच्या ताना उचलल्या, इथपर्यंत सगळे रंगून सांगतात. चोरून तर मीही रोज ऐकतो. अजून आरतीसुद्धा सुरात येत नाही. ऐकून घरी गेल्यावर त्या दोघांनी काय केलं असेल, तो भाग कुणी सांगत नाही. त्यात सांगण्यासारखं असणार तरी काय? तीच तान, तीच तान.

याच हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विद्या घेतली आणि ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात नेली; पुढे मिरजेला विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकले. इकडे कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 साली ग्वाल्हेरात गाण्याची शाळा काढली. त्यांचा जन्म 1893 चा, गेले 1989 साली. त्यांची उतारवयातली ध्वनिमुद्रणं मी ऐकतो. आवाज मला तरी गोड वाटत नाही, पण तानेचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा. त्या वयात उपजत असं काय शिल्लक राहत असेल? मला तर वाटतं, ऐकू येते ती सगळी मेहनतच.

वहिनींना हे बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढं नका हो चढवू. कालपासून टप्पा घेतलाय."

टप्पा हा गाण्याचा प्रकार म्हणजे ग्वाल्हेरकरांचा हातखंडा. एकेका शब्दावर बारीक तानांची चकरी, श्वास टाकायला म्हणून जागा नाही. आज सकाळी पहिली ओळ सुरू झाली आणि तिसऱ्या शब्दावर फुटली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा तिथेच. आई म्हणाली, "चला, आता ही दोन-चार वर्षं गेली," आणि चहा टाकायला उठली.