आलो की आले?

कझानहून येलाबुगापर्यंतचे दोनशे किलोमीटर बसमध्ये डुलक्या काढण्यातच गेले. कामा नदीकाठचं हे छोटं गाव. तिथल्या लाकडी घरातल्या संग्रहालयात शिरले आणि तिकिटाच्या खिडकीशी आपलं मोडकंतोडकं रशियन पाजळलं, "या प्रियेखाल इझ इंदिई." खिडकीतल्या आजी हसल्या. "प्रियेखाला," शेवटच्या 'ला'वर जोर देत त्यांनी सुधारलं. म्हणजे मी चक्क 'आलो' म्हणाले होते! मग भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून म्हणाल्या, "ते फक्त यांना चालायचं."

चित्रात आखूड केस, लष्करी गणवेश, छातीवर सेंट जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक. नादेझ्दा दुरोवा, जन्म १७८३. ही तान्ही असताना रडते म्हणून आईने चालत्या बग्गीच्या खिडकीतून बाहेर फेकलं, असं तिनेच लिहून ठेवलंय. वडिलांनी मग तिला आपल्या हुसार, म्हणजे घोडदळातल्या, शिपायाच्या हवाली केलं. खेळणी कसली, तलवारी आणि घोडे. १८०६ साली एका रात्री बायकी कपडे नदीकाठी टाकले, अल्किद नावाच्या घोड्यावर मांड ठोकली आणि पुरुष म्हणून घोडदळात दाखल. फ्रीडलँड, बोरोदिनो, नेपोलियनविरुद्धच्या लढायांत सगळीकडे लढली. बिंग फुटलं तेव्हा झार अलेक्झांडरने शिक्षा करायची सोडून स्वतःच्या नावावरून 'अलेक्सांद्रोव' हे पुरुषी नाव दिलं.

तिच्या आठवणी १८३६मध्ये कवी पुश्किनने आपल्या 'सोव्रेमेन्निक' मासिकात छापल्या, पण प्रस्तावनेत खरं नाव फोडलं. ती भयंकर चिडली. मला मात्र पुस्तकात वेगळंच खटकलं. लग्न, मुलगा, दोघांचाही त्यात पत्ता नाही! घर सोडताना मुलगा जेमतेम तीन-चार वर्षांचा. त्याने पुढे लग्नासाठी आशीर्वाद मागताना पत्रात 'आई' लिहिलं, म्हणून पत्र चुलीत गेलं, असं सांगतात. यावर टाळ्या वाजवायला माझे हात काही उठेनात.

गंमत म्हणजे पुस्तकात ती 'गेले, लढले' असं लिहिते आणि बोलताना मरेपर्यंत, १८६६पर्यंत, 'गेलो, लढलो'. शेवटची वर्षं याच गावात, मांजराकुत्र्यांच्या गोतावळ्यात.

निघताना आजींना सावधपणे वर्तमानकाळात म्हटलं, "या येदु." तिथे स्त्री-पुरुष भानगड नाही. बसमध्ये बसल्यावर घरी मेसेज टाकायला घेतला, तर मराठीत 'जाते' लिहावंच लागलं.